बिनसुरकुतीची गादी

रुपीनगर, तळवडे
९ जानेवारी

इंदुताई,

नबीला शेवटच्या आठ जणांत आली. तुम्हाला हे टीव्हीवरून कळायच्या आत माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितेय.

फोन करून पाहिला. वाजतो, तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सअॅपवर माझ्या निरोपापुढे एकच खूण येते. नबीला म्हणते, "अम्मी, त्यांनी तुला ब्लॉक केलंय, सोड आता." पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून राजगुरुनगरच्या तुमच्या शाळेच्या पत्त्यावर हे टाकते. फाडून टाकलंत तरी आधी एकदा नजर पडेलच.

तुमचा राग मला समजतो. चौथीत असल्यापासून तुम्ही तिला चऱ्होलीच्या मैदानावर उंच उडी शिकवलीत, आणि निवड चाचणीच्या दिवशी ती टीव्हीवरच्या 'झेप' स्पर्धेच्या ऑडिशनला गेली. तुम्ही म्हणालात, "कॅमेऱ्यासाठी उड्या मारायच्या असतील तर माझ्या मैदानावर पाय ठेवायचा नाही." मी म्हणाले, "मैदान राहिलंय कुठे, ताई?" त्यानंतर आपण बोललो नाही. आता तिथे इमारतीचे मजले चढताहेत आणि सॅम्पल फ्लॅट बघायला लोक गाड्या घेऊन येतात. तुमचा वाळूचा खड्डा होता तिथे त्यांनी कारंजं केलंय.

'झेप' जिंकणाऱ्याला मोठ्या अकादमीत एक वर्ष मिळणार आहे. तिथे खरी धावपट्टी आहे, उडीची खरी गादी आहे. नबीला त्यासाठीच गेली, टीव्हीत दिसायला नाही. हे तिने तुम्हाला सांगायला हवं होतं, पण तुमच्यासमोर तिची जीभ टाळूला चिकटते, हे तुम्हालाही माहीत आहे.

शूटिंग महाळुंग्याच्या पुढे, एका बंद पडलेल्या गोदामात चालतं. आत रंगीत दिवे, बाहेर कंटेनरची रांग. टाळ्या आधीच घेऊन ठेवतात. बसने पोरं आणतात, त्यांना रिकाम्या सेटकडे बघून ओरडायला लावतात, मग त्यांना वडापाव देऊन परत पाठवतात. स्पर्धक पळतो तेव्हा समोर कोणी नसतं. चेहरा नीट आला नाही तर त्याला पुन्हा पळवतात. हे सगळं मला नबीला सांगते.

शेवटचा अडथळा असा आहे: धावत यायचं, फळीवरून उसळायचं, वर टांगलेली घंटा हाताने वाजवायची आणि पलीकडच्या गादीवर पडायचं. एकावर एक दोन माणसं उभी राहतील एवढी उंची आहे. सराव बुटक्या फळीवर, दुसऱ्या गादीवर होतो; त्यात बाकीचे पायांवर पडतात. नबीला हवेत पाठ वळवते आणि पाठीवर पडते, तुम्ही लावलेल्या सवयीने. त्यामुळे तिचा हात इतरांपेक्षा वर पोचतो.

तुम्ही तिला सांगायचात, "गादीकडे बघायचं नाही. गादी आहेच असं धरून चालायचं." मला एवढंच विचारायचं होतं, ताई, हे कुठल्याही गादीला चालतं ना?

तुमची,
रुबीना


१६ जानेवारी

इंदुताई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली, आणि ती लपवून पुढचं काही लिहिता येत नाही. गोदामातलं सगळं मला नबीला सांगते असं लिहिलं होतं. ती काहीच सांगत नाही. मी स्वतः तिथे रोज असते.

मी रंगरावांच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांना 'झेप'च्या गाद्यांची कव्हरं शिवायचं काम मिळालं. आधीच्या गाद्या भाड्याच्या होत्या, निळ्या, उसवलेल्या. शेवटच्या फेऱ्यांना प्रायोजकाचा नारिंगी रंग हवा होता. कव्हरं बसवायला आणि शूटिंग संपेपर्यंत शिलाई सांभाळायला एक बाई तिथे लागणार होती. रंगराव म्हणाले, "रुबीनाताई, तुमच्याइतकं ताणून कोण बसवतं? तुम्हीच जा." नबीला आधीच तिथे निवडली गेली होती. मी काही बोलले नाही, गेले.

नंतर कळलं की कामावरच्या कोणाचाही नातेवाईक स्पर्धेत चालत नाही. कळलं तरच चालत नाही, असं नबीला म्हणाली. तेव्हापासून गोदामाच्या दारातून आत गेलं की ती मला मावशी म्हणते.

पहिल्या दिवशी मला हसू आलं. "मावशी, जरा बाजूला होता का?" असं ती बोलली, अहो-जाहो करून, आणि मी बाजूला झाले. आता हसू येत नाही. ती पाणी प्यायला येते, माझ्या बाटलीतलं पिते, तोंड पुसते आणि "थँक्यू हं मावशी" म्हणून जाते. इतकं छान जमतं तिला, की मलाच वाटतं ही कोणाची तरी चांगल्या वळणाची मुलगी आहे.

परवा तिची मुलाखत घेत होते. मी मागे कव्हराची चेन साबण लावून सरकवत होते. मुलाखत घेणारी तिला सारखी म्हणत होती, "घरून विरोध झाला असेल ना? आईला पटलं नसेल?" त्यांना तसंच हवं असतं. नबीला म्हणाली, "नाही. आईच मला मैदानावर सोडायची. पाऊस असला तरी."

"मग आई आली का नाही बघायला?"

"कामावर असते."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी चेन ओढली ती वाटेतच अडकली.

आता कामाचं सांगते. जुन्या निळ्या कव्हरांना बाजूने जाळी होती, चारही अंगांनी. आमच्या धंद्यात जाळी म्हणजे खालचं मॉडेल. स्वस्तातल्या गाडीला जाळी, वरच्या गाडीला अख्खं रेक्झिन. मला वाटलं, भाड्याचा माल आहे, कापडात काटकसर केलीय. मी रंगरावांना म्हटलं, आपण पूर्ण रेक्झिन लावू, शोभेल. ते खूश. गोदामात सगळे अडथळे ज्याच्या हाताखाली आहेत तो प्रीतम, तोही खूश. जाळीत धूळ दिसते म्हणाला. त्याला फक्त सुरकुती नको होती.

"मावशी, स्क्रीनवर एक सुरकुती आली ना, की सगळं गरीब दिसतं. एकदम टाइट पाहिजे."

टाइट बसवणं ही माझी खासियतच. गुडघ्याने फोम दाबून धरायचा, एका दमात चेन ओढायची. बसवल्यावर गादीवरून हात फिरवला तर नव्या गाडीच्या सीटसारखी लागत होती. प्रीतमने सगळ्यांना बोलावून दाखवलं. बंटी म्हणून एक मुलगा आहे, लातूरकडचा. कंपनीत शिफ्ट करतो आणि सुट्टीच्या दिवशी इथे प्रत्येक अडथळा स्पर्धकांच्या आधी करून बघतो. तो म्हणाला, "काय शिवलाव मावशे. ह्याच्यावर पडायचं का नमस्कार करायचा?"

मला फार बरं वाटलं होतं, ताई. नबीलाही दुरून बघत होती.

रुबीना


२२ जानेवारी

इंदुताई,

बंटी पडला.

घंटेच्या अडथळ्यावरून. घंटा वाजवली, खाली आला, आणि गादीने त्याला आत घेतलंच नाही. चेंडूसारखा उसळून बाजूच्या सिमेंटवर गेला. मनगटाचं हाड मोडलं. तो उठून बसला, हात मांडीवर ठेवला आणि गादीकडे बघत राहिला. म्हणाला, "ही गादी बेइमान हाय."

सगळ्यांनी त्याला सांगितलं की तू तिरका पडलास. डॉक्टरकडे नेलं. अर्ध्या तासात दुसरा मुलगा उभा केला, तो पायांवर अलगद पडला, काही झालं नाही. प्रीतमने टाळी वाजवली. "चला, ओके आहे."

जेवायच्या सुट्टीत मी गादीपाशी गेले. तळहाताने दाबली. दबली नाही. बुक्की मारली तर ढोलकीसारखा आवाज आला. आत तोच जुना फोम, मऊ आहे, मीच भरलाय. पण त्यातली हवा कुठे जाणार? चारही बाजूंनी मी तिला कोंडून टाकलंय.

तेव्हा मला चऱ्होलीची तुमची गादी आठवली. किती वर्षं मी बांधावर बसून बघितली. मळकी, ढिली, सुरकुतलेली. मुलगी पडली की फस्स करून मोठा श्वास सोडायची आणि मुलगी आत बुडायची, फक्त चपला काढलेले पाय वर दिसायचे. मला तेव्हा वाटायचं, ताईंनी हिला एक चांगलं कव्हर का नाही शिवून घेतलं. एकदा मी विचारलंही होतं, मी देऊ का शिवून. तुम्ही हसून नको म्हणालात.

तुमच्या गादीला जाळी होती का, ताई? मी रोज बघूनही मला आठवत नाहीय. सुरकुत्या आठवतात, बाकी काही नाही.

रंगरावांना सांगितलं. ते चहा ओतत होते, ओतायचे थांबले नाहीत. "ताई, सीट कव्हर ढिलं गेलं असतं तर गाडी परत आली असती. आपलं काम एक नंबर झालंय. पोरगं धडपडलं त्याला आपण काय करणार?" मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "आणि बोलू नका कुठं. पुढचं काम त्यांच्याच ओळखीवर आहे."

दोर आणि कमरेचे पट्टे तपासायला तिथे वेगळा माणूस आहे. तो रोज एकेक कडी ओढून बघतो. गाद्या त्याच्याकडे येत नाहीत. गाद्या सजावटीत धरल्यात.

नबीलाला अजून त्या अडथळ्यावर सोडलेलं नाही. तो फक्त फायनलला आहे, १ फेब्रुवारीला. आणि ती पाठीवर पडते, ताई. आधी मान टेकते.

मला फक्त एवढं कळवा: जाळी कशासाठी असते? एक ओळ लिहा. माझ्यावर रागावून लिहिलीत तरी चालेल.

रुबीना


२७ जानेवारी

इंदुताई,

काल सुट्टी होती म्हणून तुमच्याकडे यायला निघाले होते. चाकणच्या चौकात गाडी बदलायला उतरले आणि परत फिरले. तुम्ही दार उघडून पुन्हा लावून घेतलं असतं, तर त्यानंतर मला पत्रही लिहिता आलं नसतं. एवढी एक वाट उघडी आहे, ती ठेवली.

प्रीतमशी बोलले. तो वाईट मुलगा नाही. तिशीचा असेल, डोळ्यांखाली काळं, पोटात सारखं जळजळतं म्हणून ताकाच्या पिशव्या पितो. मी म्हटलं, "साहेब, गादीला हवा जायला वाट पाहिजे. बाजूने उसवून जाळी लावते. एक दिवस द्या."

"सुरकुत्या पडतील ना?"

"पडतील."

"मग फायनलनंतर बघू, मावशी. प्रायोजकांची माणसं येणार आहेत, रंग बघायलाच येणार आहेत." मग हसून म्हणाला, "तुम्हाला एवढं टेन्शन कशाचं? तुमचं कोणी आहे का त्यात?"

माझ्या मागे बाकावर बसून नबीला बुटाची नाडी बांधत होती.

"नाही," मी म्हणाले.

नाडी बांधायचं थांबलं नाही. ती उठली, दोन्ही पाय आपटून बूट नीट बसवले आणि पळायला गेली.

संध्याकाळी घरी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं घाबरेल. ती भाकरी मोडत शांतपणे ऐकत होती. मी म्हटलं, "मग असं कर. पाठ वळवू नकोस. बाकीच्यांसारखी पायांवर पड. किंवा एकदा खाली बघून घे."

"अम्मी, हवेत असताना मला खाली बघायला सांगू नकोस."

"एकदाच."

"एकदा बघितलं ना, तर मी मधेच आखडेन आणि कशीही पडेन. तुला कळत नाही ते. इंदुताईंना विचार." मग तिलाच आठवलं की आपण त्यांना विचारू शकत नाही, आणि तिने हातातला तुकडा ताटात ठेवला.

थोड्या वेळाने म्हणाली, "तू जाऊन सांगितलंस की तू माझी आई आहेस, तर मी त्याच मिनिटाला बाहेर. मग कुठे उडी मारू? रुपीनगरच्या गच्चीवर?"

"मी आई म्हणून नाही सांगणार. गादीवाली म्हणूनच सांगेन."

"सांगितलंस ना. काय म्हणाला तो?"

तिचे अब्बा ट्रेलरवर आहेत, नव्या गाड्या घेऊन गुवाहाटीकडे. फोनवर म्हणाले, "तुला वाटतंय तितकं नसेल, रुबीना. एवढी मोठी माणसं आहेत, बघून घेतलं असेल त्यांनी." मीही दिवसभर स्वतःला तेच सांगते. मग हात धुवायला जाते आणि बंटीचा पांढराफटक चेहरा आठवतो.

मला चुकीचंही वाटत असेल. तो खरंच तिरका पडला असेल. जाळी खरंच काटकसरीची असेल. मी मुलीचं वर्ष एका संशयावर घालवू का, ताई? आणि संशय खरा निघाला तर काय घालवून बसेन, ते लिहवत नाही.

आपलं भांडण नंतर करू. मी येईन भांडायला, तुम्ही म्हणाल तिथे. आधी एवढं कळवा.

रुबीना


३१ जानेवारी

ताई,

तुमचं पार्सल दुपारी कारखान्याच्या पत्त्यावर आलं. राजगुरुनगरचा शिक्का होता. आज शूटिंग नव्हतं म्हणून मी कारखान्यातच होते; मशीन बंद करून मोरीजवळ जाऊन उघडलं.

एक अक्षर नाही. चिठ्ठी नाही. फक्त चऱ्होलीच्या जुन्या गादीचा कापलेला कोपरा, हातभर. मळकं हिरवं कापड आणि त्याला बाजूने जाळी.

ती जाळी मी उजेडात धरली. किती ठिकाणी शिवलीय. काळा दोरा, पांढरा दोरा, एका जागी मासे पकडायच्या जाळ्याचा निळा दोरा. तुम्हाला शिवता येत नाही, टाके बघूनच कळतं. तरी दर वेळी फाटली की तुम्ही शिवत बसलात. बिनकामाची वस्तू कोणी इतक्यांदा शिवत नाही.

मला उत्तर मिळालं.

सीटच्या पाठीला पुस्तकं ठेवायचा खिसा असतो ना, त्याच्या जाळीचा तुकडा ताक्यावर उरला होता. रंगरावांना म्हटलं, घरी लागतोय. "न्या की," म्हणाले. दाभण आणि मेणाचा दोरा पिशवीत टाकलाय.

नबीलाला काही सांगितलेलं नाही. ती आज लवकर झोपलीय. तिचा स्पर्धेचा टी-शर्ट इस्त्री करताना माझ्या हातून दोन वेळा कॉलर चुरगळली. हे पत्र तुम्हाला मिळेल तोवर उद्याचं होऊन गेलेलं असेल.

रुबीना


५ फेब्रुवारी

इंदुताई,

सगळं नीट लिहिते. तुम्ही टीव्हीवर बघाल तेव्हा यातलं काही दिसणार नाही.

सकाळी दिवे लावायचं काम चालू होतं तेव्हाच मी गादीपाशी बसले आणि एका अंगाची शिलाई उसवली. ब्लेड लावल्याबरोबर आतून हवा अशी आली, की माझ्या कपाळावरचे केस उडाले. मग दुसरं अंग. उसवायचं आणि लगेच जाळी टाचायची, असं चाललं होतं. नारिंगी कव्हर वरून सैल पडलं, सुरकुत्याच सुरकुत्या. हाताने दाबलं तर कोपरापर्यंत हात आत गेला.

तिसरं अंग चालू असताना प्रीतम आला. 

"मावशी, हे कोणी सांगितलं फाडायला?"

"कोणी नाही."

"वर प्रायोजकांची माणसं बसलीत. गोधडी झालीय ह्याची."

"असू द्या गोधडी. बंटीचं मनगट ह्याच्यामुळे गेलं."

"तुम्ही कव्हरं शिवायला आहात ना? मग शिवा." त्याने मागे वळून हाक मारली, "ए, टेप आणा रे. सगळ्या बाजूंनी मारून घ्या, ताणून."

दोन मुलं चंदेरी टेपचे रोल घेऊन आली. मी जाळीवर हात ठेवला. एक मुलगा म्हणाला, "मावशी, हात काढा ना, आम्हाला बोलणी बसतील." तोवर स्पर्धक रांगेत उभे राहिले होते. नबीला तिसरी होती. तिने मला बघितलं आणि मान हलवली, अगदी थोडीशी. नको, अशी.

ताई, मी ठरवून काही बोलले नाही. टेपचा आवाज झाला, ओढल्याचा, कर्र असा. मी उठून गादीवर बसले. मधोमध. इतकी आत गेले की परत उठता येईना.

प्रीतम म्हणाला, "मावशी, प्लीज. तुमचा काय संबंध?"

"माझी मुलगी ह्याच्यावर पडणार आहे," मी म्हणाले. "मानेवर. ती खाली बघत नाही."

"कोण मुलगी?"

मी नाव घेतलं नाही. पण मी कुठे बघत होते, ते सगळ्यांनी बघितलं.

 प्रीतम माझ्याजवळ वाकला. मला वाटलं ओढून काढतोय. त्याने गादीवर गुडघा रोवला, तो आत गेला. मग पलीकडे, जिथे अजून उसवलं नव्हतं तिथे रोवला. तिथे गेला नाही. दोन-तीनदा त्याने तसं केलं. मुलांना म्हणाला, "टेप राहू द्या." आणि मला, "हे चौथं अंग पण करून टाका. किती वेळ लागेल?"

"तुमच्या माणसांनी फोम धरला तर लवकर होईल."

त्याने धरला. शर्टाच्या बाह्या वर करून स्वतः धरला. पण तेवढ्यात फाइल घेऊन एक बाई आल्या, नबीलाला बाजूला घेऊन गेल्या. त्यांचाही इलाज नव्हता, नियम होता आणि आम्हाला तो माहीत होता. मी टाके घालत होते. नबीलाच्या पाठीवरचा नंबर त्यांनी सोडवला, पिना एकेक करून काढल्या, टी-शर्टला भोक पडू नये म्हणून जपून. ते मला दिसत होतं. मी दाभण बोटात घातलं ते तिथेच.

फायनल झाली. टाळ्या वाजवायला आणलेल्या पोरांना त्या दिवशी थांबवून घेतलं होतं; नबीला घरी गेली नाही, त्यांच्यात जाऊन बसली. साताऱ्याकडच्या एका मुलीचा घंटेला पोचायच्या आत हवेत तोल गेला आणि ती डोक्याकडून खाली आली. सगळ्यांच्या तोंडून आवाज निघाला. गादीने फस्स केलं. तुमच्या गादीसारखंच. मुलगी आत बुडाली, मग हात वर आला, मग ती हसत बाहेर आली. तिचा राग आला मला, खरं सांगते. आणि मग रडू आलं, म्हणून मी दोऱ्याचं रीळ शोधत बसले.

नबीलाने ते पाहिलं. पण घरी येताना सहाआसनीत ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली.

तेव्हापासून ती मला मावशी म्हणते. घरात. "मावशी, मीठ द्या." "मावशी, मी वर गच्चीवर जातेय." ओरडली असती तर बरं झालं असतं. परवा बंटी प्लास्टर घेऊन भेटायला आला, म्हणाला, "मावशे, मी म्हनलं होतं ना गादी बेइमान हाय म्हणून? माझं कोन ऐकतंय ओ." नबीला त्याच्यासमोर पहिल्यांदा हसली. त्याच्या प्लास्टरवर तिने घंटा काढून दिली.

रंगरावांनी त्या दिवशी फोनवर सांगितलं, उद्यापासून येऊ नका. परवा दुसरा फोन आला. "ताई, सीटचा लॉट अडकलाय. रागात बोललो. या."

अकादमी गेली. ते वर्ष मी तिच्या हातून काढून घेतलं, हे मी रोज सकाळी उठल्यावर आधी स्वतःला सांगते. त्यातून सुटका नाही. पण दुपारपर्यंत असं होतं की ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढताना मी तिची मान बघत राहते.

आता जे मागते, ते मागायला तोंड नाही. काल तिला तुम्ही पाठवलेला कोपरा दाखवला. रात्री जेवताना ती भिंतीकडे बघून म्हणाली, "त्यांनी आपल्या गादीचाच कोपरा कापला असेल. म्हणजे ती एका बाजूने उघडी पडली असेल."  सकाळी बघते तर ती बॅग भरत होती.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही, ती घेऊन येतेय. तिच्याबरोबर तुमचा कोपरा पाठवते, नवी जाळी, दाभण आणि मेणाचा दोरा. टाके कसे घालायचे ते तिला दाखवलंय. गादी ती शिवेल. त्यानंतर तिला तुमच्या शाळेच्या मैदानावर पाय ठेवू द्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. तुम्ही परत पाठवलीत तरी गादी शिवून झाल्यावर पाठवा.

निघताना मी तिला एवढंच म्हटलं, "ढिलं शिव. ताणू नकोस."

"कळलं, मावशी," म्हणाली आणि जिना उतरून गेली. मी दार लावलं, तर पत्र माझ्याच हातात. मग पायऱ्यांवर तेच दोन-दोन पायऱ्यांचे पाय वाजले आणि दार ढकलून ती आत आली, धापा टाकत.

"अम्मी, डबा राहिला."

डबा ओट्यावरच होता. तिने उचलला, मी काय बघतेय ते तिच्या लक्षात आलं, आणि ती पत्रासाठी हात पुढे करून उभी राहिली. मी म्हटलं, थांब, दोन ओळी राहिल्यात. त्या ह्या.

ताई, ती उडी मारेल त्याआधी गादी एकदा हाताने दाबून बघा. ती बघणार नाही.

रुबीना